हरिश्चंद्रगडावर मुक्काम: वाचकांचे प्रश्न

जुलैत जायचं आहे. खिरेश्वरहून चढावं की पाचनईहून?

पाचनईहून. दोन-अडीच तासांत देवळापाशी पोहोचता. खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे चार-पाच तास लागतात. खिंडीवरच्या कातळाला लोक घाबरतात, पण तिथे रेलिंग आहे. चुकतं ते त्यापुढच्या पठारावर. धुकं उतरलं की दहा पावलांपलीकडचं दिसत नाही आणि गुरांची वाटही पायवाटच वाटते. शेवटचा बाण जिथे दिसला होता तिथवर मागे या आणि थांबा. मिनिटाभरात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. घळीतून ‘खाली कुठेतरी निघू’ असं कधीच करू नका. सह्याद्रीतल्या घळी बऱ्याचदा कड्यावर जाऊन संपतात.

पाचनईच्या वाटेवर ओढा गुडघ्याच्या वर असेल तर पलीकडे जायचं नाही. पाऊस ओसरेपर्यंत थांबा, नाहीतर परत फिरा.

जीन्स नको. भिजलेलं सुती कापड वाऱ्यात अंगातली ऊब ओढून घेतं. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी ठेवा. कुडकुडणारा सोबती अडखळत, असंबद्ध बोलू लागला, तर चालणं थांबवा. आडोशाला नेऊन आधी त्याचे ओले कपडे बदला, मग स्लीपिंग बॅगमध्ये घाला. शुद्धीत असेल तरच गरम, गोड चहा द्या. दारू अजिबात नाही.

डिसेंबरात तंबू न नेता गुहेत झोपता येईल?

येईल. मात्र पांघरुणाइतकंच अंथरूणही जाड हवं, कारण गारवा खालच्या दगडातून चढतो. रात्री गुहेत शेकोटी नको. धूर कोंडतो, आणि विझत आलेल्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, ज्याला वासच नसतो. कड्याला आग्यामोहोळ दिसलं तर बाहेरसुद्धा धूर करू नका, अत्तर-डिओही घरीच ठेवा.

पुष्करणीचं पाणी पिण्याजोगं आहे?

फडक्यातून गाळून, खळखळून उकळल्यावरच. क्लोरीनची गोळी वापरलीत तर पाकिटावरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा.

मे महिन्यात गेलं तर?

माणशी चार लिटर पाणी, पहाटे पाचला चढाई. वळवाचे ढग साधारण दुपारनंतर दाटतात. गडगडाट ऐकू आला की तारामती शिखर आणि कोकणकडा सोडून खाली या. एरवीही कोकणकड्यावरून डोकवायचं ते पोटावर झोपून, सॅक मागे ठेवून. हा कडा आत वळलेला आहे, त्यामुळे उभ्याने पायाखाली काय आहे ते दिसतच नाही.