झाडाचा हिशेब वाटेवर काढू नकोस

पोरी,

परवा रात्री तुझा फोन आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तुमच्याकडे जाऊन आलो, आईने सांगितलं नसेल. सांदवाडीत, घरामागच्या परसात, जाऊन पाहिलं. शेजाऱ्याने ट्रॅक्टरसाठी वाट रुंद करायला मेहंदीचं कुंपण उपटून नालीजवळ ढीग करून ठेवलाय, दोन्ही जास्वंदी गेल्या, आणि तो गोडलिंब, कढीपत्त्याचं झाड, ज्याच्या डाहाळ्या अर्ध्या मोहल्ल्याच्या फोडणीत जायच्या, तो जेसीबीच्या दाताने मधून चिरून पडलेला. तुझ्या आईने त्याचीच पानं खुडून पेपरवर वाळत घातली होती. मी काही बोललो नाही, चहा पिऊन आलो.

तुला राग आला त्यावर मी काय बोलणार, मलाही आला. पण तू म्हणालीस, काका मी वेल्डरला ॲडव्हान्स देऊन टाकला, धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, लोखंडी गेट टाकते, बघू याचा ट्रॅक्टर वावरात कसा जातो, तिथे मी अडकलो. रात्रभर झोप नाही. म्हणून हे लिहितोय, फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

एकच गोष्ट सांगायची आहे, झाडाचा हिशेब झाडाशी आणि वाटेचा हिशेब वाटेशी. त्याने झाडं तोडली, त्याचं वेगळं भांडण कर, जोरात कर, मी येतो सोबत. पण त्याचा बदला म्हणून वाट अडवायची नाही. दोन्ही एका पोत्यात भरलं की तुझा दाणा त्याच्या कोंड्यात जातो.

माझं तुला अर्धंच माहीत आहे. १९९४ साली माझ्या धुऱ्यावरचा गावरानी आंबा शेजाऱ्याने रातोरात कापला, सावली पडते म्हणून पऱ्हाटी, कापूस, येत नाही म्हणे. तो आंबा माझ्या आजीने लावलेला, आमचं लोणचं त्याच्याच कैरीचं. मी काय केलं? त्याच आठवड्यात दोन मजूर लावून त्याच्या बंडीच्या, बैलगाडीच्या, वाटेवर कमरेइतका चर खोदला. मृग लागून गेलेला, पेरणी तोंडावर, आणि त्याच्या घरचे लोक सरकीच्या थैल्या अन् खताची पोती डोक्यावर घेऊन चर उतरायचे-चढायचे. एक दिवस त्याची बायको घसरली, मनगट मोडलं. मी पाहायला गेलो नाही. आजही ती बाई रस्त्यात दिसली की मीच गल्ली बदलतो.

पुढे काय झालं ते ऐक. त्याने तहसीलमध्ये अर्ज टाकला, साहेब मौक्यावर आले. तोवर पावसाने आंब्याच्या खुंटाभोवती कमरेइतकं गवत वाढलं होतं, तो कोणाला दिसला नाही. चर मात्र सगळ्यांना दिसला. पंचनाम्यात चर आला, आंबा आला नाही. ज्याचं झाड गेलं तोच आरोपी! वाट मोकळी करायचा आदेश निघाला, मी हट्टाने वर गेलो, मग दिवाणीत गेलो, अकरा वर्षं पेश्या खाल्ल्या, दोन बैल आणि एक एकर त्यात गेलं.

आणि तरी सांगतो, मी खोटा नव्हतो. मोजणी झाली तेव्हा खुंट माझ्या हद्दीत दीड हात आत निघाला. दीड हात! मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत अजून माझ्या पेटीत आहे, येशील तेव्हा दाखवतो. गावात लोक म्हणतात हा माणूस हेकट, तर हेकट असू दे, पण आंबा माझाच होता. असो. विषय तुझा आहे.

आता कायद्याचं सांगतो कारण तू गूगल करून मला उलट विचारशील. वाट अडवली तर समोरचा माणूस मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जातो, अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जायचं असतं. गेट तू आज टाकलंस तर त्याच्या हातात कोरी केस तूच दिलीस. आणि ऐक, वाट आहे. नाही म्हणू नकोस. तुझ्या आजोबाच्या काळापासून त्यांची बंडी त्या धुऱ्याने जाते, मी लहानपणी तिच्यामागे लोंबकळत गेलोय. वहिवाटीचा १८८२ चा कायदा वीस वर्षं मागतो, उघडपणे, भांडण न होता, हक्काने वापरलेली वीस वर्षं. इथे चाळीसच्या वर होतील. उद्या मला साक्षीला बोलावलं तर मी हेच सांगेन, तू कितीही लाडकी असलीस तरी.

पण बंडी जात होती म्हणजे बंडीइतकीच वाट. त्याने औंदा ट्रॅक्टर घेतला म्हणून वाट आपोआप रुंद होत नाही, वहिवाटीचा बोजा आपल्या मनाने वाढवता येत नाही. तो तुला २०२५ च्या मे महिन्यातला जीआर दाखवेल, शेतरस्ते तीन-चार मीटर करायचे आणि सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंद घ्यायची असं त्यात आहे, ते खरंच आहे. पण ते काम तहसीलदाराने दोघांना ऐकून घेऊन करायचं, याने रविवारी पहाटे भाड्याचा जेसीबी आणून करायचं नाही. तिथे तो चुकला. तिथेच त्याला धर ना! काऊन उगाच वाटेवर जाऊन बसते?

जुन्या वाटेच्या बाहेरची जी पट्टी त्याने दाबली तेवढ्यापुरतं तुलाही दिवाणी कोर्टात जाता येतं, १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम ६, कोणी दांडगाईने ताबा काढला तर सहा महिन्यांच्या आत. म्हणजे सहा महिने तुझ्याकडेही आहेत आणि त्यातले वीस दिवस तू वेल्डरशी बोलण्यात घालवलेस. कोपऱ्यातल्या आंब्यावर त्याने चुन्याची खूण केलीय, पाहिलंस का? मी पाहिलं. आंबा, चिंच, मोह, जांभूळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यात येतात, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. त्याचा अर्ज उद्याच दे, झाड उभं आहे तोवर. गोडलिंबाला त्या यादीत कोणी विचारत नाही, त्याची नुकसानभरपाई वेगळी मागायची, फोटो काढून, पटवाऱ्याकडून पंचनामा करून घेऊन. मी पंचनाम्याआधी गवत वाढू दिलं, तू देऊ नकोस.

आणि एक कागद काढ. आपला जिल्हा जुन्या मध्यप्रांतातला, म्हणून आपल्याकडे वाजिब-उल-अर्ज असतो, पुण्याकडच्या वकिलाला सांगितलं तर तो तोंडाकडे पाहतो. १९६६ च्या महसूल संहितेत कलम १६५ ला आहे. गावाचा रिवाज, कोणाच्या वावरातून कोणाची वाट, कोणत्या नाल्याचं पाणी कोणी घ्यायचं, असं त्यात लिहिलेलं असतं. त्याची नक्कल घे आणि सोबत गावनकाशा घे, गाडीवाट दोन तुटक रेषांनी दाखवतात, पायवाट एका. रेषा दोन निघाल्या तर गप्प बसायचं, वाट त्याची. मग हद्द कायम करायची मोजणी भर. मोजणीवाले येतील त्या दिवशी मला बोलव, नालीच्या अलीकडे बोरीच्या बुडात जुना दगड आहे तो मला माहीत आहे, तुझ्या बाबाने आणि मी मिळून रोवला होता.

तू म्हणशील काका, तुम्हाला बोलायला काय जातं, तुमचं सगळं होऊन गेलं. हो, होऊन गेलं. माझ्या मुलाची आणि शेजाऱ्याच्या मुलाची पहिलीपासूनची दोस्ती माझ्या चरात गेली, दोघंही आता पुण्याला एकाच कंपनीत आहेत म्हणे, बोलत नाहीत. म्हणजे मी चूक होतो असं नाही, पुन्हा सांगतो, खुंट दीड हात आत होता. फक्त झाडाचं भांडण मी वाटेवर नेलं. झाडाचं झाडाशी, वाटेचं वाटेशी, किती वेळा सांगू.

वेल्डर ॲडव्हान्स परत देणार नाही. त्याला सांग त्याच पैशात आईसाठी सांदवाडीला फाटक करून दे, आतल्या बाजूला, वाट सोडून. आणि गोडलिंब मेला असं समजून बुड खणून काढू नका. मूळ दुखावलं की त्याला पिल्लं जास्त फुटतात, आता पावसाने येतील. काही त्याच्या चाकोरीत फुटतील, ती मातीच्या गोळ्यासकट उचलून आत लाव. ट्रॅक्टर यायच्या आधी, सकाळी. आईला एकटीला जमणार नाही, शनिवारच्या बसने ये, खुरपं माझ्याकडे आहे.

तुझा काका