लोगो स्पर्धेत प्रेरणा कुठे संपते आणि चोरी कुठे सुरू होते?

कल्पनेवर कुणाची मालकी नसते, मांडणीवर असते. कमळ, चरखा, वारली शैलीतला माणूस कुणीही वापरावा. पण दुसऱ्याच्याच कोनात, त्याच जाडीच्या रेषेत, तीच रिकामी जागा सोडून काढला तर ती नक्कल. रंग बदलून किंवा चित्र आडवं फिरवून सुटका होत नाही.

टोकियो २०२० ऑलिंपिकचं उदाहरण घ्या. जपानी डिझायनर केंजिरो सानो यांचा लोगो बेल्जियममधल्या लिएजच्या नाट्यगृहाच्या चिन्हासारखा दिसतो असा वाद झाला. सानोंनी नक्कल नाकारली, तरी १ सप्टेंबर २०१५ रोजी तो मागे घेतला गेला. त्यात भर पडली होती सादरीकरणात विनापरवानगी वापरलेल्या इंटरनेटवरच्या फोटोंची. मॉकअप, म्हणजे लोगो प्रत्यक्षात कसा दिसेल याचं नमुनाचित्र करताना हे आपल्याकडेही सर्रास चालतं.

पाठवण्याआधी डिझाइन काळ्या-पांढऱ्यात करून गूगल लेन्सवर टाका, सरळ आणि उलटं दोन्ही. भारतीय ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर व्हिएन्ना कोडने, म्हणजे चित्रातल्या आकारांना दिलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गक्रमांकाने, चित्रचिन्हं शोधता येतात. विपोच्या (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या) ग्लोबल ब्रँड डेटाबेसमध्ये थेट चित्रच टाकता येतं. कच्ची रेखाटनं तारखेसह जपा. स्टॉक आयकॉन, म्हणजे संकेतस्थळांवर मिळणारी तयार चित्रचिन्हं, मात्र टाळाच, अगदी विकत घेतलेलाही: बहुतेक परवाने लोगोसाठी चालत नाहीत.