हिशेबाच्या वहीत आधी मजुरी, मग दान

(वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

प्रश्न: जय येशू ताई. मी नंदुरबारचा, वय ३१. आमचं घर कॅथलिक, वडील शिक्षक होते त्यामुळे धंद्यातलं घरात कुणालाच काही माहीत नाही. गेल्या सीझनला मित्राबरोबर मिरचीची पथारी केली, ओली मिरची घ्यायची, वाळवायची, देठ खुडून माल पुढे द्यायचा. यंदा एकटाच करणार आहे आणि पहिल्या दिवसापासून कॅथलिक पद्धतीने धंदा करायचा असं मनात आहे. ठरवलंय असं की सकाळी काम सुरू करताना सगळ्यांनी मिळून प्रार्थना, ऑफिसात येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, नफ्यातला दहावा हिस्सा चर्चला आणि नाताळला बायांना साड्या. खुडणीचा रेट बाकीचे देतात तोच ठेवावा लागेल, नाहीतर टिकणार नाही. अजून काय करू?

उत्तर: जय येशू भाऊ. पत्र वाचून खरंच बरं वाटलं, आपल्याकडची पोरं सुरत नाहीतर पुणे गाठतात आणि तुम्ही गावात राहून चार घरांना काम द्यायचं म्हणताय. पण स्पष्ट सांगते, चार गोष्टी तुम्ही स्वतः ठरवल्या आणि खुडणीचा रेट तेवढा बाजारावर सोडून दिला, आणि चर्चच्या शिकवणीत बघायला गेलं तर सुरुवातच तिथून होते. कॅथलिक धर्मशिक्षणाचा जो मोठा ग्रंथ आहे त्यातला २४४६ नंबरचा परिच्छेद फादरांकडून मागून वाचा, तिथे म्हटलंय की न्यायाने जे देणं लागतं ते आधी चुकतं करा, देणं असलेली गोष्ट दान म्हणून देऊ नका. म्हणजे रेट कमी ठेवून वाचलेल्या पैशातून साडी घेतली तर ती साडी त्या बाईच्याच पैशाची झाली, तुमची कसली?

आणि हे काही नवीन नाही. पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ ला कामगारांच्या प्रश्नावर रेरम नोव्हारम हे परिपत्रक काढलं, त्यात आहे की मालक आणि मजूर दोघांनी राजीखुशीने रेट ठरवला तरी तेवढ्यावरून तो योग्य ठरत नाही, साधेपणाने राहणाऱ्या माणसाचा संसार त्यात चालला पाहिजे, आणि गरजेपोटी कुणी कमी पैसे मान्य केले असतील तर तो अन्याय सोसतोय असंच समजायचं. २०२५ ला निवडून आलेल्या पोप महाशयांनी लिओ चौदावे हे नाव घेतलं तेही मुख्यतः या परिपत्रकामुळे, त्यांनी स्वतःच तसं सांगितलं. आता तुमच्या पथारीवर येणारी बाई बघा, शेतातलं काम संपलेलं, घरी किराणा भरायचाय, मुकादम सांगेल त्या रेटला ती हो म्हणणारच, तिच्याकडे दुसरं आहे काय?

मग रेट किती ठेवायचा, तर बाजूच्या पथारीवाल्याला विचारू नका, स्वतः मोजा. एखाद्या दिवशी तीन बाया निवडा, एक चपळ हाताची, एक मधली आणि एक वयस्कर, त्यांनी आठ तासात किती किलो खुडलं ते तोलून लिहून ठेवा आणि मधल्या बाईचे किलो गुणिले तुमचा रेट असा हिशेब करा. ती रक्कम सरकारी किमान वेतनाच्या खाली आली तर रेट कमी आहे, विषय संपला. किलोवर काम आहे म्हणून किमान वेतन लागू नाही असं बरेच जण सांगतात, ते चूक आहे, किलोवर काम करणाऱ्यालाही कायदा लागूच असतो. आणि कायद्याने सांगितलंय ते कमीत कमी, चर्चची अपेक्षा त्याच्या वरची आहे हेही लक्षात असू द्या.

हातमोज्यांचंही सांगते कारण हे बाहेरून कळत नाही. खुडणाऱ्या बायांच्या बोटांची दिवसभर आग होते, तेल चोळून बसतात बिचाऱ्या, घरी गेल्यावर लेकराच्या तोंडाला हात लावायची चोरी. मालक म्हणतो मी मोजे दिले होते, ह्याच घालत नाहीत. अहो घालतील कशा, मोज्याने हात मंदावतो, किलो कमी भरतात आणि पैसे कापले जातात! मोजे द्यायचेच असतील तर त्याने जेवढा वेग कमी होतो तेवढा रेट वाढवून द्या, तो खर्च धंद्याचा आहे, तिच्या बोटांचा नाही. तोंडाला बांधायला फडकं, सावलीला नेट, प्यायला पाणी, हे तर सांगायलाच नको.

काट्याचं तोंड तिच्याकडे करा, आकडा तिला दिसू द्या, वाचता येत नसेल तर मोठ्याने सांगा आणि काट्यावर वजनमाप खात्याचा शिक्का ताजा ठेवा. घ्यायचं वजन वेगळं आणि द्यायचं वेगळं, अशी दोन वजनं पिशवीत ठेवू नका हे बायबलच्या जुन्या करारात ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात आलंय, म्हणजे तेव्हाही लोक हेच करत होते. उचल दिली तर तिच्यासमोर लिहा आणि उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जायचं नाही असली अट कधीच घालू नका, १९७६ च्या वेठबिगारी कायद्यात तो सरळ गुन्हा होतो. मुकादम अशी अट परस्पर घालतात, म्हणून पैसे त्याच्या हातात न देता थेट बाईच्या हातात द्या.

आता टिकायचं कसं, कारण तुमची भीती काही खोटी नाही. चर्चसुद्धा धंदा बुडेपर्यंत मजुरी वाढवा म्हणत नाही, पोप पायस अकरावे यांनी १९३१ च्या परिपत्रकात धंद्याची परिस्थितीही बघावी असं लिहिलंय, पण मालकाच्या आळसाने किंवा हलगर्जीपणाने नफा घटला तर ते कारण मजुराला सांगता येणार नाही हेही तिथेच लिहिलंय. तुमच्या धंद्यात तो हलगर्जीपणा म्हणजे उघड्या मातीवर मिरची वाळवायची, बुरशी धरू द्यायची आणि मग वजन भरायला पाणी मारायचं. चांगले मसालेवाले आणि एक्सपोर्टवाले अफ्लाटॉक्सिन (बुरशीमुळे मालात तयार होणारं विष) आणि रंगाची टेस्ट करूनच माल घेतात, त्यांना ताडपत्रीवर नीट वाळलेली, स्वच्छ खुडलेली, बिनपाण्याची मिरची लागते. जास्तीची मजुरी तिथून काढा, दोन-तीन पक्की गिऱ्हाईकं धरा. तरीही पहिल्या वर्षी ओढाताण झाली तर दहावा हिस्सा कमी करा, मजुरी कमी करू नका, चर्चला थांबता येईल, तिच्या चुलीला थांबता येत नाही.

आणि सकाळच्या प्रार्थनेचं जरा जपून. येणाऱ्या बहुतेक बाया भिल्ल, पावरा, त्यांचे त्यांचे देव आहेत, आणि पैसे देणाऱ्यानेच बोलावलं तर नाही म्हणायची हिंमत कुणाची होते? धर्माच्या बाबतीत कुणावर कसलीही जबरदस्ती नको हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६५ मध्येच जाहीर केलंय. तुम्ही दहा मिनिटं लवकर या आणि तुमची प्रार्थना करा. तसबीर खुशाल लावा.

प्रश्न: ताई, आमची रावेर तालुक्यात छोटी केळीची वखार आहे. मिस्टर केळी पिकवायला पुड्या वापरतात, मी बोलले की म्हणतात सगळेच वापरतात, मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) जाणं वेगळं आणि धंदा वेगळा. काय उत्तर देऊ?

उत्तर: वहिनी, त्या पुडीत कॅल्शियम कार्बाइड असेल तर फळं पिकवायला त्याच्यावर देशभर बंदी आहे. ओलावा लागला की त्यातून ॲसिटिलीन गॅस निघतो आणि त्या पावडरीत आर्सेनिक, फॉस्फरसचे अंशही असतात, पुड्या हाताळणाऱ्या पोराच्या आधी अंगात जातात आणि मग गिऱ्हाइकाच्या. इथिलीन गॅसला परवानगी आहे, १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग. स्वतःची रायपनिंग चेंबर, म्हणजे फळं पिकवायची बंद खोली, बांधायला पैसा लागतो हे मला कळतं, पण दुसऱ्याच्या चेंबरमध्ये भाड्याने माल लावता येतो, चौकशी करा, चार छोटे वखारवाले एकत्र आले तर भाडंही कमी बसतं. मिस्टरांना एवढंच विचारा की ती केळी आपल्या नातवाला खाऊ घालाल का. समोरच्याला माहीत नाही याचा फायदा घेऊन पैसे कमावणं चर्च सातव्या आज्ञेत धरतं, म्हणजे चोरीत, त्यामुळे मिस्सा वेगळी आणि वखार वेगळी असं काही होत नाही.

प्रश्न: भुसावळला स्टेशनजवळ आमची खानावळ आहे, रविवारी सगळ्यात जास्त गर्दी. बंद ठेवली नाही तर पाप लागेल का?

उत्तर: नाही दादा. प्रवाशाला रविवारीही भूक लागते आणि अशी सेवा चालू ठेवावी लागते हे चर्चला मान्य आहे. तुम्हाला रविवारी जमत नसेल तर शनिवारी संध्याकाळची मिस्सा चालते, ती रविवारचीच धरतात, तुमच्या धर्मग्रामात (तुमच्या भागातल्या चर्चमध्ये) असते का ते फादरांना विचारा. मात्र तुम्ही मिस्सेला जाऊन आलात आणि पोळ्या लाटणाऱ्या मावशी सातही दिवस उभ्या, असं चालणार नाही. त्या कुठल्याही धर्माच्या असोत, आठवड्याची एक सुट्टी पगार न कापता द्या आणि अधूनमधून ती रविवारी येऊ द्या, कारण त्यांची पोरं त्याच दिवशी घरी असतात.