घोटलेली माती, काळी भांडी

प्रश्न : मॅग्डालीन ओडुंडो यांची काळी, आरशासारखी भांडी फोटोत पाहिली. त्यांवर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, नसतं म्हणे. मग चकाकी कशाची? काळा रंग कुठून येतो? आणि ही केनियाची परंपरा आहे का?

उत्तर : ओडुंडो जन्माने नैरोबीच्या, १९५० च्या. १९७१ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि मातीकामाकडे वळल्या त्या तिथेच. पुढे १९७४ मध्ये नायजेरियात अबुजाच्या कुंभारकाम केंद्रात लादी क्वाली आणि तिथल्या ग्वारी समाजाच्या इतर कुंभारणींकडून त्या हाताने भांडं उभं करायला शिकल्या. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या प्वेब्लो या आदिवासी समाजाच्या कुंभारणींची काळी भांडीही त्यांनी जवळून पाहिली. त्यामुळे ‘केनियाची परंपरा’ एवढंच म्हणून भागणार नाही. घर सोडल्यावरच त्या आफ्रिकेच्या मातीकामापर्यंत पोचल्या, आणि त्यांच्या भांड्यांचं मोल मला त्यातच वाटतं.

चाक नाहीच. गोळ्यात मूठ घालून भिंत वर ओढायची, मग त्यावर मातीच्या लांब वळ्या चढवायच्या. ग्वारी पद्धतीत भांडं जागचं हलत नाही, कुंभारीणच त्याच्याभोवती फिरते. वाळक्या भोपळ्याच्या कवचाने भिंत खरवडून पातळ करतात. नख टेकवलं तर खूण उठेल पण बोट रुतणार नाही, इतपत माती सुकली की गुळगुळीत दगडाने घोटतात. चकाकी येते ती या घोटण्याने. माती ओली असेल तर दगड चिकटून ओरखडे पडतात, फार सुकली असेल तर चकाकी धरत नाही.

वरचा थर असतो टेरा सिजिलाटाचा, म्हणजे मातीतल्या सर्वांत बारीक कणांचा. घरच्या प्रयोगाला नेहमीचं प्रमाण चालेल : साडेतीन लिटर पाणी, साडेसात ग्रॅम सोडियम सिलिकेट (याने मातीचे कण सुटे राहतात), दीड किलो सुकी लाल माती. ढवळून वीस तास अजिबात हलवू नका. तळाचा गाळ तसाच ठेवून वरचं पातळ द्रावण नळीने काढून घ्या. त्याच्या १०० मिलिलिटरचं वजन ११५ ग्रॅमच्या आसपास हवं. जास्त दाट झालं तर थर पापुद्र्यासारखा सुटतो. पूर्ण सुकलेल्या भांड्यावर तीन-चार पातळ हात द्या आणि प्रत्येक हात मऊ कापडाने घासा. भाजताना १००० अंश सेल्सिअसच्या आत राहा, त्यापुढे चकाकी मंदावते.

काळा हा काही रंगाचा हात नव्हे. मोकळ्या हवेत भाजलं की मातीतल्या लोहामुळे भांडं केशरी-लाल होतं. तेच भांडं झाकणबंद डब्यात लाकडाच्या ढलप्यांसह पुन्हा भाजलं की हवा तुटते, लोह काळवंडतं आणि धुरातला कार्बन छिद्रांत शिरतो.

प्रश्न : मी असं केलं, पण काळ्यावर लाल चट्टे आले.

उत्तर : कुठून तरी हवा शिरली. झाकणाच्या फटी ओल्या मातीने लिंपा. ढलप्या कमी पडल्या तरी तसंच होतं. आणि डबा पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका, कारण तापलेल्या भांड्याला हवा लागली की कार्बन जळून जातो आणि काळं पुन्हा तांबूस होतं. चट्टे आले म्हणून भांडं फेकू मात्र नका. ओडुंडोंच्या काही भांड्यांवर केशरी आणि काळा एकमेकांत मिसळलेले दिसतात. नाहीच आवडलं तर हवेत भाजून पुन्हा लाल करता येतं.

प्रश्न : त्यात पाणी ठेवता येईल?

उत्तर : नाही. भिंत सच्छिद्र राहते, पाणी झिरपतं.