धायरीचा फ्लॅट: 60 टक्के की 37.5?

प्रश्न: 2013 च्या दिवाळीत धायरीत 50 लाखांना घेतलेल्या टू-बीएचकेला 80 लाखांचं गिऱ्हाईक आलंय. खरेदीच्या वेळी मुद्रांक शुल्क, नोंदणी, व्हॅट, सेवा कर असे आणखी 5 लाख गेले. एजंट म्हणतो 60 टक्के नफा, आमचे हे म्हणतात 37.5. भाडं 18,000, मेंटेनन्स आणि मिळकतकर वर्षाला 36,000. दोघांचं मिळून पेन्शन महिना 40,000. मार्च 2026 च्या आत विकून एफडी करावी का?

उत्तर: भागाकार एजंटाचा बरोबर, आकडे मात्र अर्धवट. वाढ नेहमी जुन्या किमतीने भागायची: 30 भागिले 50. यजमानांनी 80 ने भागलं. 80 चे पुन्हा 50 व्हायला किती घसरण लागेल, त्याचं उत्तर ते 37.5.

पण तुमच्या खिशातून गेले 55. एक टक्का दलाली जाऊन हाती येतील 79.2. वाढ 24.2, म्हणजे 44 टक्के. याला 12 ने भागून वर्षाला 3.67 धरू नका, कारण वाढ चक्रवाढीने होते. 1.44 चं बारावं मूळ काढलं की येतात जेमतेम 3.1 टक्के.

आता महागाई. प्राप्तिकराचा महागाई निर्देशांक 2013-14 ला 220 होता, 2025-26 ला 376 आहे. वाढ 71 टक्के. त्या हिशेबाने तुमच्या 55 चे 94 व्हायला हवे होते. फ्लॅट मागेच पडला! याचा एक फायदा आहे. 23 जुलै 2024 पूर्वीच्या खरेदीला इंडेक्सेशनसह, म्हणजे खरेदीची किंमत या निर्देशांकाने वाढवून, 20 टक्क्यांचा पर्याय आहे, त्यामुळे कर शून्य, साध्या 12.5 टक्क्यांनी तीन लाखांवर गेला असता. हा कागदी तोटा पुढे ओढता मात्र येत नाही.

विकायचं की ठेवायचं, हे मागच्या टक्क्यांवर ठरत नाही. आज अडकलेले 79.2 लाख हाच पाया. निव्वळ भाडं 1.80 लाख, म्हणजे 2.3 टक्के. एफडी 6.5 टक्क्यांची धरली तर 5.15 लाख, पेन्शन मिळवूनही नव्या करप्रणालीत करमुक्त 12 लाखांच्या आत, म्हणजे पुढच्या वर्षापासून व्याजावर कर नाही. हा 4.2 टक्क्यांचा फरक फ्लॅटच्या किमतीने दरवर्षी भरून काढायला हवा. एजंटाचे 60 टक्केसुद्धा वर्षाला 4 च भरतात.

माझ्या मते विका. सगळी रक्कम एका बँकेत नको, ठेवविमा प्रत्येक बँकेत 5 लाखांपर्यंतच. आणि गिऱ्हाईक पैसे देतानाच 1 टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापेल. ते 80,000 गेले असं समजू नका, रिटर्न भरून परत मागा.