सभापती सुटले, आता माझी साक्ष आहे

प्रश्न: 2021 मध्ये रोजगार हमीतल्या सिंचन विहिरीचं कुशलचं (साहित्य-बांधकामाचं) बिल अडलं, म्हणून मी पंचायत समितीच्या तेव्हाच्या सभापतींना भेटलो. ते म्हणाले, “आमच्या माणसाला भेट, तो सांगेल तसं कर.” पंचायत समितीतल्या त्या कंत्राटी माणसाने 20 हजार मागितले. मी एसीबीकडे (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे) गेलो, सापळ्यात तो सापडला. सभापतींवर मात्र दोषारोपपत्रच नाही. पुढच्या महिन्यात माझी साक्ष आहे. भावकीतले म्हणतात, ‘आठवत नाही’ म्हण, नाहीतर लाच दिली म्हणून तूही आत जाशील. काय करू?
– एक शेतकरी, मराठवाडा

उत्तर: आधी तुमच्या भीतीचं बोलू. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही आरोपी होऊ शकतो, हे खरं आहे. पण एसीबीला आधी कळवून, त्यांच्या मदतीसाठी ज्याने पैसे दिले त्याला त्याच कलम 8 मध्ये सूट आहे. तुमची तक्रार सापळ्याच्या आधीची आहे. तुम्हाला घाबरवणाऱ्यांनी कायदा अर्धाच सांगितला.

खरा धोका ‘आठवत नाही’ म्हणण्यात आहे. शपथेवर खोटं बोलणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. शिवाय तक्रारदार फितूर झाला तरी पंच आणि इतर पुराव्यावरून लाचेची मागणी सिद्ध होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर 2022 मध्ये सांगितलं आहे. म्हणजे तो कंत्राटी माणूस तुमच्या गप्प बसण्यानेही सुटेलच असं नाही. सुटतील ते सभापती, कारण त्यांचं ते वाक्य तुम्ही एकट्याने ऐकलंय. ‘आठवत नाही’ म्हण, असं तुम्हाला का सांगितलं जातंय, ते यातच आलं.

ते वाक्य तुमच्या तक्रारीत किंवा जबाबात लिहिलं गेलं होतं का? मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. सरकारी वकिलांकडे जाऊन तुमचा जबाब वाचून घ्या. वाक्य असेल तर जसंच्या तसं सांगा, एक शब्दही वाढवू नका. नसेल, तरी विचारल्यावर खरं तेच सांगा. मात्र उलटतपासात ‘हे आधी का सांगितलं नाही’ म्हणून तुम्हाला घेरतील, याची तयारी ठेवा. ‘पैसे साहेबांचे आहेत’ असं नुसतं त्या कंत्राटी माणसाने म्हटलं असलं, तरी तेवढं सभापतींवर गुन्हा शाबीत करायला पुरत नाही.

साक्षीत त्यांच्याविरुद्ध पुरावा आला, तरी कोर्ट त्यांना थेट आरोपी करू शकत नाही. आधी त्यांच्यावर खटला चालवण्याची सरकारी मंजुरी लागते. 2018 नंतर पद गेलेल्यांनाही हे कवच आहे. मोठी माणसं सुटतात ती बहुतेक इथेच, निकालाच्या कितीतरी आधी, आणि मला याचा मनापासून संताप येतो. मंजुरीचा निर्णय तीन महिन्यांत, कायदेशीर सल्ला लागला तर आणखी एका महिन्यात व्हायला हवा. म्हणून सरकारी वकिलांमार्फत कोर्टासमोर विचारा: सभापतींच्या मंजुरीचा प्रस्ताव पाठवला होता का? पाठवलाच नसेल तर पुढील तपासासाठी अर्ज द्या. पाठवून पडून असेल तर औरंगाबाद खंडपीठात याचिका करता येते.

गप्प बसवायला कुणी मध्यस्थ आला, तर त्याच्याकडून एक रुपयाही घेऊ नका. कोण, कधी, काय म्हणालं ते तारखेसह लिहून ठेवा, फोनवरचं काही पुसू नका. दबाव वाढला तर साक्षीदार संरक्षणासाठी लेखी अर्ज करा. त्यावर निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात. हा अर्ज साक्षीच्या तारखेआधीच गेला पाहिजे.