बॉस बंगळुरूत, राजीनामा नागपुरातून

नागपुरातले मिहान, परसोडीचा आयटी पार्क आणि घरून काम करणारे, सगळ्यांकडून एकच गोंधळ येतो आहे: साहेब दुसऱ्या शहरात, मग राजीनामा द्यायचा कसा? त्यातल्या काही प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर राजीनामा पाठवला तर चालेल का?
उत्तर : नाही. मेल करा.

प्रश्न : मॅनेजर पुढच्या महिन्यात नागपूरला येणार आहेत. समोरासमोर सांगावे म्हणून थांबू का?
उत्तर : थांबू नका. दौरे रद्द होतात, नव्या नोकरीत रुजू व्हायची तारीख मात्र पुढे सरकत नाही. व्हिडिओ कॉलसाठी पंधरा मिनिटे मागा, निर्णय सांगा आणि त्याच दिवशी मेल पाठवा. तोवर इथल्या सहकाऱ्यांजवळ चहावरही बोलू नका. बातमी तुमच्याआधी बंगळुरूला पोहोचते.

प्रश्न : मेल करून आठ दिवस झाले, उत्तर नाही. मित्र म्हणतो, पंधरा दिवसांत राजीनामा आपोआप मंजूर होतो.
उत्तर : असा सरसकट नियम नाही. ऐकीव गोष्टींवर नोकरीचे निर्णय घेणे आता तरी थांबवा. नियुक्तीपत्र काढा आणि नोटीस किती, म्हणजे राजीनाम्यानंतर किती दिवस काम करायचे, ते वाचा. कुठे 30 दिवस असतात, कुठे 60, कुठे 90. मग मॅनेजर आणि एचआर दोघांनाही स्मरणपत्र पाठवा. पहिल्या मेलची तारीख, नोटिशीचे कलम आणि तुमच्या हिशेबाने शेवटचा दिवस, तिन्ही त्यात हवेत. सीसीमध्ये स्वतःचा खासगी मेल ठेवा. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि बहुतेक जण टाळतात! शेवटच्या दिवशी ऑफिसचे खाते बंद होते आणि राजीनामा कधी दिला याचा पुरावा त्यातच अडकतो. साहेब शेजारच्या केबिनमध्ये असते तर चार लोकांनी पाहिले असते. इथे साक्षीदार फक्त कागद. खासगी मेलवर पाठवायचा तो स्वतःचा पत्रव्यवहार, क्लायंटची एकही फाईल नाही. लॅपटॉप कुरिअरने परत करायचा असेल, तर खालच्या स्टिकरवरील सीरियल नंबर, चार्जर आणि बंद केलेला खोका यांचे फोटो काढा. कुरिअरची पावती रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मुक्त केल्याचे पत्र, हाती येईपर्यंत जपा. तरीही उत्तर आले नाही, तर नियुक्तीपत्र घेऊन कामगार कायद्याच्या वकिलाला भेटा. महिनाभर वाट पाहून नव्हे, याच आठवड्यात.

प्रश्न : नवी कंपनी म्हणते, उरलेल्या नोटिशीचे पैसे आम्ही भरू.
उत्तर : फोनवर म्हणते की ऑफर लेटरमध्ये लिहून देते? भरतीवाल्यांच्या तोंडी आश्वासनांवर विसंबू नका. शिवाय पैसे भरून लवकर सोडायला जुनी कंपनी तयार आहे का, तेही आधी लेखी विचारा.

प्रश्न : कायम नोकरीत 4 वर्षे 10 महिने झाले. ग्रॅच्युइटी मिळेल?
उत्तर : नियम सलग 5 वर्षांचा आहे. पाचव्या वर्षात 240 दिवस भरले की ते वर्ष पूर्ण धरतात, या युक्तिवादावर भिस्त ठेवू नका. जमत असेल तर शेवटचा दिवस 5 वर्षांपुढे न्या. जमत नसेल तर राजीनाम्याआधी सल्ला घ्या.

प्रश्न : एक एजंट कमिशन घेऊन पीएफ काढून देतो म्हणतो.
उत्तर : त्याला ओटीपी देऊ नका. नवी नोकरी लागली आहे ना? मग त्याच यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ क्रमांकावर, खाते ऑनलाइन वर्ग करा, त्याला पैसे पडत नाहीत. 5 वर्षांच्या आत काढलेल्या पीएफवर करही लागू शकतो. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का, ते तपासा. अडचण आली तर थेट पीएफ कार्यालयात विचारा.